अंगठा माझाच होता

माझ्या फोनला बोटाचं लॉक आहे, पैसे पाठवायच्या ॲपलाही आहे. मुलानं ते बसवून दिलं तेव्हा म्हणाला होता, "आई, आता तुझ्या बोटाशिवाय एक रुपया हलायचा नाही." खरंच बोलला तो. माझे २१,६०० रुपये गेले ते माझ्याच बोटानं गेले.

मी सोलापुरात शेळगीला राहते. कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकते, अठरा वर्षं झाली. पाकिटावर माझा नंबर छापलेला असतो, त्यामुळे अनोळखी फोन हे रोजचंच. २०२५ च्या जूनमध्ये, आषाढीला पंधरा-वीस दिवस असताना असाच एक आला. माणूस मराठवाड्याकडचा वाटला, बोलायला गोड. दिंडी घेऊन पंढरपूरला निघतोय, सहाशे कडक भाकरी आणि दहा किलो चटणी पाहिजे म्हणाला. भाव केला नाही. तिथंच मला शंका यायला पाहिजे होती, सोलापुरात घासाघीस न करता सहाशे भाकरी कोण घेतं? पण व्हॉट्सॲपवर त्याच्या नावापुढं विठोबाचा फोटो होता आणि दर दोन वाक्यांमागं एक "माउली". भाकरीचे ७,२००, चटणीचे ३,६००. निम्मे आगाऊ, म्हणजे ५,४००. लगेच पाठवतो म्हणाला.

"पण संस्थेचं खातं आहे माउली, नुसत्या नंबरावर पैसे सुटत नाहीत. मी स्कॅनर पाठवतो. तुम्ही तो स्कॅन करायचा, बोट लावायचं, पिन टाकायचा, की रक्कम तुमच्याकडं जमा. आधी दहा रुपयांचं करून बघू."

केलं. माझ्या खात्यातून दहा गेले आणि मिनिटभरात वीस आले. "आले ना?" आले होते. वीस रुपयांत त्यानं माझा विश्वास विकत घेतला. शेंगा चटणीचं छोटं पाकीट येत नाही हो वीस रुपयांत.

आता तुम्ही म्हणाल, पैसे घ्यायला कधी पिन लागतो का, एवढं कळत नाही का या बाईला. मुलगाही हेच म्हणाला. त्याला मी जे सांगितलं तेच इथं लिहिते, कारण माझ्यासारख्या बायका पुष्कळ आहेत. माझी सासू विड्या वळायची. आठवड्याला मजुरी घ्यायला जायची, वहीवर अंगठा उठवायची आणि पैसे पदरात बांधून यायची. मी रेशनला जाते, मशीनवर अंगठा ठेवते, तेव्हा धान्य मिळतं. कोपऱ्यावरच्या बँकेच्या केंद्रात आधारवर पैसे काढायचे, तिथंही अंगठा लावला की नोटा हातात. आमच्या घरात दोन पिढ्या अंगठा लावला तो काहीतरी घेताना. देताना अंगठा लागतो हे डोक्यात येणार कुठून? त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं. "सही समजा माउली, पैसे मिळाल्याची सही," असं तो म्हणाला होता.

मग ५,४०० चा स्कॅनर आला. माझी बोटं तव्यानं गुळगुळीत झालेली, फोन ती सहजी ओळखत नाही. म्हणून मुलानं डाव्या हाताचा अंगठा नोंदवलाय, तोही दोनदा. अंगठा लावला, ॲप उघडलं, पिन टाकला. पैसे गेले. "सर्व्हर अडकलाय माउली, परत करा, दोन्ही मिळून येतील." परत केलं, आणखी ५,४०० गेले. मग दुसराच माणूस बोलायला लागला, म्हणे अकाउंट विभागातून. आता १०,८०० ची उलट नोंद करावी लागेल, तरच सगळी रक्कम एकदम सुटेल. तेही केलं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा डोक्यात एकच होतं, अडकलेले पैसे सोडवायचे. शिवाय पन्नास किलो मालदांडी ज्वारी उधारीवर सांगून ठेवली होती.

चौथ्यांदा त्यानं एक ॲप घ्यायला सांगितलं. ते घेतलं असतं तर माझ्या फोनचा पडदा त्याला तिकडं दिसला असता. बँकेचे मेसेज, मी दाबलेले आकडे, सगळं. हे मला नंतर कळलं. मी वाचले ती हुशारीनं नाही. लॉक पडलेला फोन उघडायला गेले तर अंगठा पिठानं माखलेला, फोन घेईना. "थांबा, हात धुऊन येते," म्हणून मोरीवर गेले. तेवढ्यात बहिणीची मुलगी दारात. "मावशी, कुणाशी बोलायलीस? एवढी घाबरल्यासारखी का दिसायलीस?" तिनं फोन हातात घेतला, मेसेज वाचले आणि कट केला. ज्या लॉकच्या भरवशावर मी होते ते तीन वेळा मुकाट्यानं उघडलं, आणि वाचवलं ते न उघडल्यामुळं.

पोरीनं तिथूनच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला, फोन लावला. तक्रार नोंदवून घेतली, एक नंबर मिळाला. हा फोन पहिला करा. आधी नवऱ्याला, मग दिराला, मग शेजारच्या सरांना विचारू, यात पैसे चार खात्यांतून पुढं निघून जातात. माझे पहिले पैसे गेले त्याला तोवर दीड तास झाला होता. समोरच्या खात्यात ४,१०० शिल्लक होते, ते थांबवले. बाकीचे गेले. थांबवलेलेही तेव्हा न्यायालयाच्या आदेशाशिवाय सुटत नव्हते, असं सायबर पोलिसांनी सांगितलं.

बँकेत गेले तर साहेब सभ्य होते, पण सरळ म्हणाले, "व्यवहार तुमच्या फोनवरून, तुमच्या पिननं झालाय. यात बँक काय करणार?" तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं. त्यात म्हटलं होतं: चूक बँकेचीही नाही नि आपलीही नाही, मधल्या तिसऱ्यानंच उचापत केली, आणि आपण तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर आपल्यावर भार नाही. पण आपल्याच हलगर्जीपणानं गेलं असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे बोटाचं लॉक माझ्या बाजूचा पुरावा होईल असं मला वाटत होतं, ते झालं माझ्याविरुद्ध. दुसऱ्या कुणी केलं असं म्हणायलाही जागा नाही.

बोटाचं लॉक कुचकामी आहे असं मी म्हणत नाही. आमच्या दिराचा फोन गड्ड्याच्या यात्रेत गर्दीत कुणीतरी मारला, खात्यातला एक पैसा गेला नाही. चोराला ते लॉक अडवतं. आपल्या बोटाचा ठसा फोनच्या आतच राहतो, ॲपला फक्त "हो, तीच आहे" किंवा "नाही" एवढंच कळतं, तेही चांगलंच. पण ते विचारतं एवढंच, की तू कोण. कुणाला देतेस, कशाला देतेस, हे विचारणं त्याचं काम नाही.

आणखी एक. बोट चाललं नाही की फोन आकडे मागतो. ते आकडे ज्याला माहीत त्याला बोटाची गरजच नाही, तो स्वतःचं बोटही फोनमध्ये नोंदवू शकतो. माझ्या मुलानं, आई विसरेल म्हणून, फोनचे आकडे आणि यूपीआयचा पिन एकच ठेवला होता! दुकानात स्क्रीन बदलायला फोन दिला तेव्हा तेच आकडे मी त्या पोराला मोठ्यानं सांगून आले होते. नशीब म्हणायचं. आता दोन्ही वेगळे आहेत.

आधारच्या अंगठ्याचं तर याहून नाजूक. तिथं ना पिन ना ओटीपी, बँकेचं नाव, आधार नंबर आणि ठसा एवढ्यावर पैसे निघतात. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे केल्याची प्रकरणं देशात झाली आहेत. आधारच्या ॲपमधून हा ठसा बंद करून ठेवता येतो. मी ठेवलाय. रेशनच्या दिवशी तेवढ्यापुरता उघडावा लागतो, मुलगा कुरकुरतो, पण करतो.

ॲपची भाषाही मराठी करून घेतली. इंग्रजीत काय लिहिलंय ते मी त्या दिवशी वाचलंच नव्हतं. आता पिनच्या आधी पैसे कुणाला पाठवतेय ते मराठीत समोर येतं.

१ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसानं दुसऱ्याला यूपीआयवर पैशांची मागणी पाठवायची सोय बंद झाली, त्या वाटेनं फसवणं थांबलं. स्कॅनरची वाट उघडीच आहे. आणि त्याच महिन्यात पिनऐवजी बोट किंवा चेहरा दाखवून पैसे द्यायची सोय आली. मुलगा म्हणाला चालू करू का, तुझा वेळ वाचेल. मी नको म्हटलं. चार आकडे दाबायला जो वेळ लागतो तेवढाच माझ्याकडं विचार करायला असतो, तोही कशाला घालवू?

परवा एक फोन आला, पन्नास भाकरी पाहिजेत म्हणून. "मावशी, स्कॅनर पाठवू का?" म्हणाला. म्हटलं, "बाबा, स्कॅनर माझ्या भिंतीवर चिकटवलाय, त्याचा फोटो मी पाठवते. स्कॅन तू कर." तो हसला आणि सहाशे रुपये पाठवले. मी आधी बँकेचा मेसेज बघितला, मग तवा ठेवला.