शाळेच्या रोव्हरसाठी आर्डुइनो की रास्पबेरी पाय?

विज्ञान प्रदर्शनासाठी रोव्हर, म्हणजे आपोआप चालणारी छोटी गाडी, करायला घेतला की पोट्टे पहिला प्रश्न हाच विचारतात. मी दोन्ही बोर्ड वापरलेत. आर्डुइनो म्हणजे मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे एकच प्रोग्रॅम चालवणाऱ्या छोट्या चिपचा बोर्ड; रास्पबेरी पाय म्हणजे एसडी कार्डवरून लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारा छोटा संगणक. खोक्यावर छापलेली माहिती इथं पुन्हा देत नाही.

कॅमेऱ्यानं दगड ओळखायचा असेल, मोबाईलवर चित्र पाहायचं असेल, तर रास्पबेरीला तोड नाही. आर्डुइनो उनो आर३ या नेहमीच्या मॉडेलच्या २ केबी रॅममध्ये धड एक फोटोही मावत नाही. किमतीत फरक आहे, पण माझा निर्णय त्यावरून झाला नाही.

मला छळलं ते मोटरींनी. धुऱ्यालगत काळ्या मातीच्या ढेकळात चाक अडलं की मोटर एकदम जास्त करंट ओढते, व्होल्टेज पडतं आणि रास्पबेरी रीस्टार्ट होते. परीक्षक समोर उभे आणि आपण लिनक्स सुरू व्हायची वाट पाहतोय! नेमकं कार्डवर काही लिहिलं जात असताना असं झालं, तर एसडी कार्डच बिघडू शकतं. नव्या कार्डावर सिस्टिम टाकायला नेट हवं, आणि आमच्याकडे लाईन गेली की टॉवरही मान टाकतो. आर्डुइनोही रीसेट होतो, नाही असं नाही. पण लगेच परत चालायला लागतो, आणि बिघडायला त्याच्यात कार्डच नाही. मोटरींना वेगळी बॅटरी दिली तर रास्पबेरीचा त्रास बराच कमी होतो, हेही खरं. फक्त वजन वाढतं.

मंगळावरही हे दुखणं आहेच. जानेवारी २००४ मध्ये नासाच्या स्पिरिट रोव्हरच्या फ्लॅश मेमरीत (एसडी कार्डासारख्या साठवणीत) फायली इतक्या साचल्या की रॅम पुरेना, आणि तो पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहिला. शेवटी नासानं फ्लॅश बाजूला ठेवून त्याला सुरू केलं. नासाच्याच क्युरिऑसिटी रोव्हरमध्ये एकसारखे दोन संगणक आहेत. २०१३ मध्ये एकाच्या फ्लॅशनं दगा दिल्यावर दुसऱ्यानं काम सांभाळलं. त्यांचा प्रोसेसर जेमतेम २०० मेगाहर्ट्‌झचा, तेव्हा वेगाला फार भुलू नये असं आपलं मला वाटतं.

कॅमेरा हवाच असेल तर दोन्ही लावा. मंगळावर उडालेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरमध्येही कॅमेऱ्याचं काम लिनक्सवर चालणाऱ्या स्नॅपड्रॅगन ८०१ या मोबाईलच्या प्रोसेसरकडे होतं, उड्डाणाचं नियंत्रण वेगळ्या मायक्रोकंट्रोलरांकडे. एकच घ्यायचा असेल तर पहिल्या वर्षी आर्डुइनो घ्या, आणि उरलेल्या पैशात बरा मोटर ड्रायव्हर, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरींना करंट देणारं सर्किट.