कुस्को की किटो? आईबाबा सोबत असतील तर

पेरूमधलं कुस्को आणि इक्वाडोरची राजधानी किटो, दोन्हीपैकी एकच जमणार असेल तर माझं मत कुस्को. पण आईबाबा सोबत येणार असतील तर उंचीचा विचार आधी करा, बाकी सगळं नंतर.

किटो साधारण २८५० मीटरवर आहे आणि कुस्को ३४०० च्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुप्पट, त्यात पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी आणि तिथून विमान दीड तासाच्या आत थेट एवढ्या वर नेऊन सोडतं, मग डोकं ठणकतं, दोन पायऱ्या चढलं की धाप लागते, रात्री झोप येत नाही. यावर उपाय आहे. कुस्कोला उतरलात की शहरात थांबूच नका, टॅक्सी करून ओयांताइताम्बोला जा, ते २८०० मीटरवर आहे, दोन रात्री तिथे काढा, माचू पिचू या जुन्या इंका शहराच्या अवशेषांकडे जाणारी ट्रेन तिथूनच मिळते आणि माचू पिचू तर त्याहून खाली, २४३० वर. कुस्को सगळ्यात शेवटी ठेवा. बहुतेक लोक नेमकं उलट करतात आणि पहिले दोन दिवस हॉटेलात झोपून घालवतात.

आणि कुस्को कशासाठी, तर भिंतींसाठी. हातुन रुमियोक गल्लीत बारा कोनांचा दगड आहे, त्याच्या एकेका कोनात शेजारचा दगड असा बसलाय की मधे चुना नाही, काही नाही, फट शोधून सापडत नाही. कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या इंका भिंतींवर स्पॅनिश लोकांनी चर्च उभारलं, १९५० च्या भूकंपात चर्चचं खूप नुकसान झालं आणि खालच्या भिंती तशाच उभ्या राहिल्या. ते समोर उभं राहून बघताना मला खरंच भरून आलं.

किटो त्यामानाने सोपं. चलन डॉलरच, मेट्रो आहे, जुनं शहर १९७८ सालीच युनेस्कोच्या पहिल्या यादीत आलं, ला कोम्पान्यिया चर्च आतून सोन्याच्या वर्खाने मढवलेलं, विषुववृत्त जवळच. बटाट्याचं लोक्रो सूप चीज आणि अवोकाडो घालून देतात, शाकाहारी असाल तर चिकनच्या पाण्यात केलंय का ते आधी विचारा. पण २०२४ च्या जानेवारीत इक्वाडोरमध्ये आणीबाणी लागली होती, त्यामुळे ताजी परिस्थिती बघूनच बुकिंग करा आणि रात्री पायी फिरू नका.

कुस्कोला मे ते सप्टेंबर कोरडा सीझन, म्हणजे पोरांची मेची सुट्टी बरोबर बसते. फक्त २४ जूनला इंती रायमीचा उत्सव असतो, त्या आठवड्यात हॉटेलं भरलेली असतात.

बाबांना हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि ते हो म्हणाले तरी किटोच घ्या. तिथली केबल कार ४००० मीटरच्या जवळ नेते, तिच्यात मात्र त्यांना बसवू नका.