जुना लॅपटॉप रखडतोय: फॉरमॅट, एसएसडी, रॅम की नवं मशीन?

२०१६ ते २०१९ च्या दरम्यान घेतलेला लॅपटॉप, आत आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क. असं मशीन अजून कितीतरी घरांत आणि छोट्या ऑफिसांत रोज वापरात आहे. बटण दाबून चहा टाकला, तो पिऊनही झाला, तरी ब्राउझर उघडलेला नसतो. मग कोणी म्हणतं फॉरमॅट मार, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाक, कोणी म्हणतं रॅम वाढव, कोणी एसएसडी, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेली चिपवाली डिस्क, सुचवतं, आणि दुकानदार नवा लॅपटॉप दाखवतो.

आमचा कल आधीच सांगतो. आत फिरती डिस्क (म्हणजे साधी हार्ड डिस्क) असेल तर बाकी कशावरही खर्च करण्याआधी एसएसडी बसवा. नुसता फॉरमॅट सगळ्यांत जास्त सुचवला जातो, पण अशा मशीनवर त्याचा उपयोग सगळ्यांत कमी होतो आणि डेटा जाण्याची भीती सगळ्यांत जास्त असते.

निदान आधी, खर्च नंतर

मशीन रखडत असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडला की 'परफॉर्मन्स'मध्ये जा आणि तीन ठिकाणचे आकडे कागदावर उतरवा.

पहिलं, सीपीयूचा वेग. चार्जर लावलेला असतानाही तो ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर खिळून राहिला असेल, तर डिस्क-रॅमचा विचार बाजूला ठेवा. काही लॅपटॉपच्या चार्जरच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. मशीन तिच्यावरून चार्जर ओळखतं. ती वाकली किंवा तुटली, की मशीन चार्जर अनोळखी मानतं, बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेगही दाबून ठेवतं. त्याच वॅटचा दुसरा चांगला चार्जर लावून बघा. वेग सुरुवातीला ठीक असेल आणि दहा-पंधरा मिनिटांनी पंखा जोरात फिरू लागल्यावर पडत असेल, तर पंख्याच्या जाळीत धूळ अडकलेली असते किंवा प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली असते. हे काम स्वस्तात होतं. फक्त ब्लोअरने हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायला सांगा, नाहीतर पंखा उलटसुलट गरगरून त्याचं बेअरिंग खराब होतं.

दुसरं, डिस्क. 'अ‍ॅक्टिव्ह टाइम' सतत १०० टक्के, पण वाचण्याचा वेग जेमतेम १-२ एमबी, असं दिसतंय का? मग मूळ दुखणं इथेच आहे.

तिसरं, मेमरी. इथे 'कमिटेड'समोर ५.८/७.९ असे दोन आकडे असतात. पहिला आकडा तुमच्या रॅमपेक्षा बराच मोठा असेल, तर रॅम कमी पडतेय आणि विंडोज उरलेला भार डिस्कवर टाकतंय. तिथेच 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं, तेही टिपून ठेवा.

फॉरमॅट की एसएसडी?

डिस्क १०० टक्के गुंतलेली आणि वेग मात्र १ एमबी, हे कोडं आकड्यांनी लगेच सुटतं. लॅपटॉपची साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो भाग वाचणाऱ्या हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय हेड तिथवर सरकायला आणखी वेळ. एका वाचनाला साधारण १५ मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला फार तर ६५-७० वाचनं होतात. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाइल्स इथून-तिथून वाचतं. दर वेळी ४ केबी वाचलं तर सेकंदाला ३०० केबीसुद्धा भरत नाहीत. डिस्क जीव तोडून पळत असते, हाती मात्र काही लागत नाही. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तिला एका वाचनाला साधारण ०.१ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागतो. साटा (जुन्या हार्ड डिस्कचीच जोडणी वापरणाऱ्या) एसएसडीच्या खोक्यावर छापलेला ५५० एमबीचा आकडा रोजच्या वापरात फारसा जाणवत नाही. जाणवतो तो हा छोट्या वाचनांमधला फरक.

फॉरमॅटने यातलं काय बदलतं? डिस्क तीच, फेरे तेच. नवं विंडोज टाकल्यावर सोबत सुरू होणारे प्रोग्रॅम कमी होतात म्हणून काही दिवस हलकं वाटतं. त्यातही पहिले एक-दोन दिवस अपडेट उतरत असतात, विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर स्कॅन करत असतो, सर्चचं इंडेक्सिंग चालू असतं, त्यामुळे मशीन आधीपेक्षाही जास्त रखडू शकतं. पुढे जुने प्रोग्रॅम परत टाकले की पहिले पाढे पंचावन्न.

फॉरमॅट योग्य ठरतो तो वेगळ्या आजारांवर: व्हायरस शिरलाय, अपडेट दर वेळी अर्ध्यात अडकतंय, निळी स्क्रीन येतेय आणि रॅमची तपासणी स्वच्छ निघालीय, किंवा आत एसएसडी असूनही मशीन मंद आहे. तो करण्याआधी बॅकअप कुठे घेतलाय हे नीट बघा. 'माझं सगळं डी ड्राइव्हवर आहे' या भरवशावर खूप डेटा गेलेला आहे. सी आणि डी हे बहुतेक लॅपटॉपवर एकाच डिस्कचे दोन भाग असतात. इन्स्टॉल करताना चुकीचं पार्टिशन डिलीट झालं की दोन्ही जातात. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स सी ड्राइव्हवरच असतात हे विसरलं जातं. टॅलीचं डेटा फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाइल, जुने मराठी फॉन्ट आणि ब्राउझरमधले पासवर्ड हेही हमखास राहून जातात.

आणखी एक गोष्ट दुकानात विचारून घ्या. आपल्याकडच्या पुष्कळ लॅपटॉपसोबत 'होम सिंगल लँग्वेज' विंडोज येतं आणि त्याचं लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं. डिस्क बदलली तरी तीच आवृत्ती टाकून इंटरनेट जोडलं की ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं, वेगळे पैसे लागत नाहीत. क्रॅक केलेलं 'प्रो' टाकून घेऊ नका. त्या अ‍ॅक्टिव्हेटरसोबत काय आत येतं याची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

डिस्क मरायला टेकली असेल तर

एसएसडी घ्यायची की नाही याचा निर्णय इथे आपोआप होतो. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा मोफत प्रोग्रॅम उघडा आणि ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा. ०५ मध्ये बदली झालेले खराब सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) मोजलेले असतात, सी५ मध्ये वाचता न येणारे आणि अजून निकाल न लागलेले, सी६ मध्ये दुरुस्त न होणारे. तिन्ही ठिकाणी शून्य हवं. हे आकडे मूळ सेटिंगमध्ये हेक्साडेसिमल (१६ च्या पायावर, अंकांसोबत ए ते एफ अक्षरं वापरून) दिसतात, त्यामुळे शेवटी 'ए८' दिसलं तर ते १६८ आहे हे लक्षात ठेवा.

सी५ वाढलेला असताना फॉरमॅट किंवा चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवणं म्हणजे आजाऱ्याला डोंगर चढायला लावणं. तासन्‌तास चालणाऱ्या त्या वाचन-लेखनातच डिस्क मान टाकते. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा, तीही सगळी एकदम नको, जे गेल्यास परत मिळणार नाही ते आधी. टक-टक असा आवाज येत असेल तर मशीन बंद करा आणि डेटा खरंच मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या.

एसएसडी घेताना कुठे चुकतं

२.५ इंची साटा एसएसडी ७ मिलिमीटर जाड असते आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी थेट बसते. डिस्कभोवती चार स्क्रूंनी बसवलेली पत्र्याची चौकट असते. ती काढून एसएसडीला लावायला विसरू नका, नाहीतर एसएसडी आत सैल राहते आणि कनेक्टर निसटतो. एम.२ स्लॉट (बोर्डावरची, पट्टीसारख्या एसएसडीची खाच) असेल तर जास्त सावध राहा. स्लॉट दिसतोय म्हणून एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी) चालेलच असं नसतं. त्या काळातल्या काही मॉडेल्समध्ये तो स्लॉट फक्त साटा एम.२ घेतो, तिथे एनव्हीएमई बसेल पण बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मशीनच्या मूळ सेटिंगला) दिसणार नाही. मॉडेल नंबर टाकून सर्व्हिस मॅन्युअल बघा, मगच ऑर्डर द्या. दुहेरी कोअरच्या मशीनवर रोजच्या कामात साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक जाणवत नाही, त्यामुळे साटावर भागत असेल तर भागवा.

क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करायचं की कोरं विंडोज टाकायचं? टॅली, कॅड किंवा श्रीलिपीसारखं लायसन्सचं सॉफ्टवेअर असेल आणि त्याचा सेटअप हाताशी नसेल, तर क्लोन. क्लोनझिला मोफत आहे. १०० जीबी डेटा यूएसबी ३ वरून साधारण अर्ध्या तासात उतरतो, यूएसबी २ वरून तासभर धरा. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा, नाहीतर मशीन जुन्यावरूनच सुरू होतं आणि 'काही फरकच पडला नाही' असं वाटतं. बाकी सगळ्यांनी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल चालवून कोरं विंडोज टाकावं. म्हणजे फॉरमॅटचा जो काही फायदा असतो, तोही इथे फुकटात पदरात पडतो. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी उतरवून घ्या. बायोसमध्ये बदल केल्यावर ती मागितली गेली आणि हाताशी नसली, तर डेटा समोर असून हाती येत नाही.

एसएसडी की रॅम?

दोन्हींसाठी पैसे असतील तर प्रश्नच नाही. एकाचेच असतील आणि आत हार्ड डिस्क असेल तर एसएसडी. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर अदलाबदल करतं. ती अदलाबदल हार्ड डिस्कवर झाली तर माऊसही थिजतो, एसएसडीवर झाली तर एखादा क्षण अडखळल्यासारखं वाटतं. म्हणजे एसएसडी रॅमची उणीव काही अंशी झाकते. रॅम मात्र डिस्कचा संथपणा झाकत नाही, सकाळी मशीन सुरू व्हायला तेवढाच वेळ लागतो.

आत आधीच एसएसडी असेल आणि रॅम ४ जीबी असेल, तर उलट. ४ चे ८ जीबी केल्यावर दहा टॅब आणि एक झूम मीटिंग एकत्र सुखाने चालते. ८ चे १६ करून मात्र अशा मशीनवर ऑफिसच्या कामात काही हाती लागत नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले, तेव्हा हा हिशेब जास्तच बघायला हवा.

विकत घेण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये 'फॉर्म फॅक्टर' वाचा. 'एसओडिम' असेल तर पट्टी बदलता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. रिकामा स्लॉट वेगळा असला तरच वाढ शक्य. डीडीआर३एल पट्टी १.३५ व्होल्टवर चालते, साधी डीडीआर३ १.५ वर. दोन्हींची खाच सारखीच असल्याने चुकीची पट्टी आरामात बसते, पण १.३५ व्होल्टच्या मशीनवर स्क्रीन काळीच राहते. डीडीआर४ ची खाच वेगळी असते, तिथे हा धोका नाही. पट्टी ३० अंशात तिरकी धरून सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत सरकवा, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्यांचा 'टक' आवाज यायला हवा. त्याआधी बॅटरीची वायर सोडवून पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून ठेवा.

मग नवं मशीन कधी?

यातली सीमारेषा प्रोसेसरच्या नंबरात आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलमध्ये साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर अधिकृतपणे चालतात. आय-थ्री ८१३०यू चालतो, ७०२०यू चालत नाही. ७०२०यू २०१८ मध्ये बाजारात आला, तेव्हा बिलावर २०१९ लिहिलंय यावर विसंबू नका, नंबरच वाचा. आठव्या पिढीचं मशीन असून 'टीपीएम नाही' असं दिसत असेल, तर बायोसमध्ये 'पीटीटी' (इंटेलचं आतलंच टीपीएम) बंद आहे का बघा. असं मशीन एसएसडी आणि ८ जीबी रॅमवर अजून काही वर्षं नीट काम देईल.

सातव्या पिढीचं किंवा आधीचं असेल, तर एसएसडी टाकून त्यावर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) हा आमच्या मते नव्या लॅपटॉपपेक्षा चांगला मार्ग आहे, अर्थात काम ब्राउझर, मेल आणि कागदपत्रांपुरतं असेल तर. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, ४ जीबी रॅमवर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. युनिकोडमधलं मराठी आणि इनस्क्रिप्ट टायपिंग तिथे व्यवस्थित चालतं. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या फाइल्स, टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन यांवर पोट असेल तर मिंटच्या वाटेला जाऊ नका.

सेलेरॉन किंवा ए६ प्रोसेसर, बॉडीतून उखडलेली बिजागरी, शॉर्ट झालेला मदरबोर्ड यांपैकी काही असेल तर जुन्यावर पैसा घालू नका. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर वापर तिथेच थांबवा. मूळ मापाची बॅटरी मिळाली तरच पुढचा विचार. दुरुस्तीचा एकूण खर्च नव्याच्या किमतीच्या एक तृतीयांशावर गेला की आम्ही नव्याकडे वळा असं सांगतो. नव्यात १६ जीबी रॅम बघा. ८ जीबी घ्यायचीच असेल तर रिकामा स्लॉट असलेलंच मॉडेल घ्या. सोल्डर केलेल्या ८ जीबीवर अडकलात तर चार वर्षांनी हाच टास्क मॅनेजर पुन्हा उघडावा लागेल.

काढलेली हार्ड डिस्क लगेच विकू किंवा पुसू नका. २.५ इंची यूएसबी एनक्लोजरमध्ये घालून महिनाभर तशीच ठेवा. कॉपी करायची राहिलेली एखादी फाइल याच महिन्यात आठवते.