काँतेची पट्टी उजव्या डोळ्यावर

मी नौपाड्यात राहते. इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. भाच्याला वॉरगेमिंगचं, म्हणजे छोट्या सैनिकांच्या फिगर मांडून लढाया खेळायचं वेड. त्याचं नेपोलियनच्या इजिप्त स्वारीचं फ्रेंच सैन्य रंगवून तयार होतं. त्या सैन्यासोबतचे विद्वान मी रंगवून द्यायचे, असं ठरलं होतं.

हे विद्वान मला फार जवळचे. १७९८ साली नेपोलियनने दीडशेहून जास्त माणसं नेली. गणिती मोंज आणि फूरिये, रसायनशास्त्रज्ञ बर्तोले, चित्रकार दनों, शिवाय ग्राफाइटमध्ये माती मिसळून पेन्सिल बनवणारा काँते. इजिप्तचे सत्ताधारी मामलुक, त्यांचे घोडेस्वार चालून आले की पायदळ चौकोन बांधायचं आणि ‘गाढवं अन् विद्वान मध्ये’ असा हुकूम सुटायचा, असं सांगतात. त्याच माणसांनी पुढे रोझेटा शिळेला (इजिप्तच्या चित्रलिपीचं कोडं जिच्यामुळे सुटलं तिला) शाई लावून तिचे ठसे घेतले. अशा लोकांचे चेहरे २८ मिमीच्या फिगरवर रंगवायचे, तेही माझ्या हाताने! मी घाई केली ती इथेच.

ऑनलाइन एक विक्रेता भेटला. नेरूळचा आहे म्हणाला. आठ फिगर, अस्सल व्हाइट मेटल, ६,४०० रुपये. “वाशी स्टेशनवर येते, माल बघून पैसे देते,” म्हटलं, तर “ताई, मी बाहेरगावी आहे, आजच पैसे टाकलेत तर उद्या कुरिअर करतो.” यादीत त्याने ती चित्रलिपी पुढे वाचणाऱ्या शांपोलियनचंही नाव घातलं होतं. शांपोलियनचा जन्म १७९० चा. स्वारी निघाली तेव्हा तो सात वर्षांचा होता. हे मला ठाऊक होतं, खटकलंही. तरी पैसे पाठवले.

पार्सल आलं. डबी उचलताच कळलं, धातूचं वजनच नव्हतं. आत रेझिनच्या नकला. नाकाच्या जागी हवेचे बुडबुडे, अंगावर साच्याची जाड रेघ, हात लावला तर चिकट. साबणाने धुतल्या, कोरड्या केल्या, तरी प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा थर, धरेना.

मी फोन केला. तो अतिशय नम्रपणे बोलला. “ताई, पॅकिंग करणाऱ्या पोराची चूक झाली, पैसे आत्ता परत करतो.” क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करा, रक्कम आणि पिन टाका, लगेच जमा होतील म्हणाला. मी पिन टाकला आणि आणखी ६,४०० रुपये गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. हे मी शेजारच्या आजींना स्वतः समजावलेलं आहे. पण समोरचा माणूस चूक कबूल करत होता, आणि त्या कबुलीनेच मी सैल पडले.

नंबर बंद. पार्सलवरच्या पत्त्यावर नेरूळला जाऊन आले. इमारत आहे, त्या नावाचं तिथे कोणी नाही.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन मी दोन दिवसांनी केला, शरमेपोटी. तोवर पैसे पुढच्या खात्यांतून निघून गेले होते. ज्यांच्याबाबत असं होईल त्यांनी पहिल्या तासातच १९३० लावा, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा, मग सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार भरा. घरच्यांना नंतर सांगितलं तरी चालेल.

विक्रेत्याने जाहिरातीत लावलेले फोटो दुसऱ्या कुणाचे आहेत का, हे मी पैसे पाठवण्याआधी इंटरनेटवर शोधलं होतं. काही सापडलं नव्हतं. रंग ठरवण्यासाठी काँतेचं जुनं चित्र शेजारी ठेवलं तेव्हा कारण दिसलं. प्रयोगात स्फोट होऊन काँतेचा डावा डोळा गेला होता. फोटोतल्या फिगरला पट्टी उजव्या डोळ्यावर होती. कुणीतरी मनापासून रंगवलेल्या फिगरचा फोटो याने आरशासारखा उलटा करून लावला होता. मी तो सुलटा करून शोधला, तर मूळ कलाकाराचं पान लगेच समोर आलं.

मागच्या आठवड्यात तोच उलटा फोटो वेगळ्या नावाने पुन्हा विक्रीला दिसला. आता पत्ता वाशीचा आहे.