सोळाला लर्निंग, की अठराची वाट?

भाचीला सोळा पूर्ण झाली. सावद्याजवळच्या खेड्यातून फैजपूरला कॉलेज. ताई विचारते, लायसन्स आत्ता काढू की थांबू?

आत्ता काढलं तर पालकांची संमती लागते आणि गाडी ५० सीसीपर्यंतचीच. घरातली ११० सीसीची स्कूटर त्यात बसत नाही. ५० सीसीची नवी पेट्रोल गाडी शोरूमला दिसणंच मुश्कील. अठराला मात्र गिअरची दुचाकी आणि कार एकाच अर्जात. लर्निंगची मुदत दोन्हीकडे सहा महिने, टेस्ट ३० दिवसांनंतर.

खरा फरक धोक्याचा. ‘गल्लीतल्या गल्लीत’ म्हणत मोठी गाडी दिली आणि सापडली, तर पालकांना २५,००० दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पोरीला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. त्यात केळीचे ट्रक रस्ता सोडत नाहीत ते वेगळंच!

घरात ५० सीसीची जुनी गाडी चालू असेल तर आत्ताच काढ. नसेल तर थांब. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे.