कानाची क्लिप आणि पाचवीचा वर्ग: ७ महिन्यांनंतर

कानाच्या पाळीला लावायची क्लिप आणि टॅबलेटवर हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, एवढाच हा बायोफीडबॅकचा, म्हणजे शरीरात काय चाललंय ते पडद्यावर दाखवणारा संच. घेतला तो एका कारणासाठी: "शांत हो, दीर्घ श्वास घे" हे मुलांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते त्यांना रागावल्यासारखंच वाटतं. आलेखाने मात्र काम केलं. श्वास आत घेताना ठोके वाढतात, सोडताना मंदावतात, हे त्यांना डोळ्यांनी दिसलं. "बाई, हे खरंच माझं हृदय?" यातच पहिला आठवडा गेला. तोच सगळ्यात छान आठवडा.

मग कटकटी सुरू झाल्या. अ‍ॅपचा ठरलेला वेग मिनिटाला ६ श्वास. मोठ्यांना तो मानवतो, पण दहा वर्षांची मुलं एरवी २० च्या आसपास श्वास घेतात. खांदे वर, गाल फुगलेले, आणि दोघींना गरगरायला लागलं. ओढून ओढून श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्याची ही चक्कर. वेग ९ वर नेला, "भरभरून घेऊ नका, फक्त हळू सोडा" म्हटलं, तेव्हा कुठे जमलं. ते सेटिंग शोधायलाच मला आठवडा लागला!

अ‍ॅपमधले गुण मुलांना दाखवणं ही तर शुद्ध चूक. लगेच चढाओढ लागली. गुण कमी आले म्हणून एकाने क्लिपच भिरकावली. शांत होण्यात हरल्याचा राग! त्या दिवसापासून पडद्याच्या कोपऱ्यावर कागद चिकटवलेला आहे.

भांडण पेटल्यावर क्लिप लावायला जाऊ नका. सेन्सर त्वचेतून प्रकाश टाकून रक्ताची लय मोजतो. मान हलली की आलेखाचा नुसता गिचमिड काला. सराव शांत वेळीच करायचा. आम्ही मधल्या सुट्टीनंतर ५ मिनिटं करतो. आणि जिच्या रडण्याचं कारण घरी आहे, तिला श्वास मोजायला लावू नये, तिचं ऐकून घ्यावं. हे मला जरा उशिराच कळलं.

हल्ली संच बहुतेक कपाटातच असतो. मुलं बाकावर बोटाने लाट काढतात, चढताना श्वास आत, उतरताना बाहेर. उतार लांब काढायचा, हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. गणिताच्या चाचणीआधी क्लिप भिरकावणाऱ्याचं बोट बाकावर फिरत होतं. मी पाहिलं, तर त्याने पटकन हात खिशात घातला.