आईचं वय वंदना कार्ड : नऊ महिन्यांनंतर

आईचं कार्ड जानेवारी 2025 मध्ये काढलं. सत्तरी गाठलेल्यांना दवाखान्यात भरती झाल्यावर मोफत उपचार देणारी ही आयुष्मान भारतची योजना 29 ऑक्टोबर 2024 लाच सुरू झाली होती, पण सत्तरी मोजतात ती आधारवरची. आई खरी बहात्तर-त्र्याहत्तरची, आधारवर 1 जानेवारी 1955. आमच्या चोपडा तालुक्यात अर्धं गाव 1 जानेवारीलाच जन्मलंय! म्हणून दोन महिने थांबलो. उत्पन्नाचा दाखला मात्र कोणी मागितला नाही.

“माले काय धाड भरनी? कार्ड कसाले?” ही आईची सुरुवात. आधारला जोडलेला नंबर केव्हाच बंद पडलेला. कापूस वेचून वेचून बोटांचे ठसे गेलेले. शेवटी आयुष्मान ॲपला चेहरा दाखवून जमलं, तेही ओट्यावर उन्हात बसवल्यावर. दवाखान्यातही कार्ड काढून देतात, मग घाई कशाला, असं भाऊ म्हणत होता.

जुलैत आई पायरीवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा त्या कण्हणाऱ्या बाईचा चेहरा मोबाइलसमोर कोण धरणार होतं?

जळगावच्या पहिल्या हॉस्पिटलचं नाव यादीत होतं, पण हाडांचं ऑपरेशन तिथे योजनेत नव्हतं. दोन तास गेले. आधी फोन करून नेमका विभाग विचारायला हवा होता, ही चूक माझी. दुसरीकडे आरोग्यमित्राने, म्हणजे हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्याने, कार्ड पाहिलं, मंजुरी आली, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. ऑपरेशन, वॉर्ड, जेवण, घरी जातानाची औषधं, कशालाच पैसे पडले नाहीत. आईची शुगर दहा वर्षांची, तीही आड आली नाही. भावाच्या खाजगी पॉलिसीत जुन्या आजारासाठी तीन वर्षं थांबायची अट आहे.

भरती न होता घेतलेलं काही यात बसत नाही. शुगरच्या गोळ्या, घरी येणारा फिजिओथेरपीवाला, सगळं खिशातून. वर्षाचे 5 लाखही घरातल्या सगळ्या सत्तरीपारच्यांत मिळून. शेजारचे फौजी काका ईसीएचएसवाले (माजी सैनिकांची आरोग्य योजना), त्यांना दोन्हींतलं एकच ठेवता येतं. त्यांनी जुनंच ठेवलं.

आता अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, अडलंय. ते आईपेक्षा पाच वर्षांनी मोठे, आधारवर दोन वर्षांनी लहान! म्हणजे कार्ड 2027 मध्ये. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून आधी शाळेचा दाखला शोधतोय. त्यांच्या वेळच्या रजिस्टरला वाळवी लागलीय. मुख्याध्यापक म्हणाले, दिवाळीनंतर या, पानं सुटी करून बघू.